दुष्काळात सांभाळलेलं पोट

आमच्या गावच्या महिला दूध संस्थेत मी दूध तपासायला होते. सकाळी सहाला केंद्र उघडायचं. बाया किटल्या घेऊन ओळीनं उभ्या राहायच्या आणि मी एकेकीच्या दुधाचा नमुना घेऊन मशीनवर फॅट काढायची. बारावीला विज्ञान होतं म्हणून चेअरमनबाईंनी मला बसवलं, आणि दोन-तीन महिन्यांत माझा हात बसला. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते पोट.

आमचं गाव केजहून नांदूरघाटकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. माझं माहेर उमापूरचं. तिकडे शाळेत होते तेव्हापासूनच परीक्षेच्या दिवशी पोटात कळ यायची, पण ते सगळ्यांनाच होतं असं आई म्हणायची. लग्नानंतर ते वाढलं. सकाळी उठल्यापासून तीन-तीन, चार-चार वेळा जावं लागायचं, आणि गेलं तरी पोट मोकळं झालं असं वाटायचं नाही. मग मध्येच दोन दिवस काहीच नाही. पोट फुगून पातळ नेसायला नकोसं व्हायचं. बेंबी सरकली म्हणून एका म्हातारीनं तेल लावून पोट चोळलं. कुणी ओव्याची पूड दिली. नेकनूरच्या बाजारात एका माणसाकडून मी काळ्या गोळ्या आणल्या, त्या खाऊन आठवडाभर आणखी हाल झाले. माहेरच्या शेजारची एक बाई पोटाच्याच दुखण्यानं गेली होती, म्हणून आपल्यालाही तेच असणार असं मी मनात धरलं होतं. कुणाला बोलले नाही. पोटाचं, त्यातून संडासचं, बोलायचं तरी कुणाला? नवऱ्याला एवढंच माहीत होतं की हिला खाल्लेलं पचत नाही.

तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. नवरा दोन म्हशी आणि बैलजोडी घेऊन चारा छावणीत राहायला गेला होता. घरी सासूबाई, मी आणि दोघी मुली. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. पाणी प्यायला पुरेना तिथं संडासात कोण ओतणार? म्हणून गावातल्या बहुतेक घरांनी सरकारी योजनेत बांधलेल्या संडासांमध्ये सरपण आणि गोवऱ्या भरल्या होत्या. आमच्याही. दुष्काळात आणखी एक गोष्ट होते, ती पुरुषांच्या लक्षात येत नाही. ज्वारी, तूर उभी असली की बाईला आडोसा असतो. त्या वर्षी रानात काहीच उभं नव्हतं. नदीपर्यंत नजर जायची आणि नदीतही वाळूच.

मी माझ्यापुरता उपाय काढला होता. संध्याकाळी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. सकाळी फक्त चहा. पोटात काही नसेल तर ते गप्प बसेल असा माझा हिशोब. पण केंद्रावर प्रत्येक बाई चहा पाजायची, नाही म्हणता यायचं नाही. सहा-सात कप व्हायचे, तेही दाट दुधाचे. पोट काही गप्प बसलं नाही.

आणि एक दिवस जे व्हायचं ते झालं. फाल्गुन असावा. वीस-बावीस बाया ओळीत होत्या. एकीचा नमुना मशीनला लावलेला होता आणि मला अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधारी. मी उठले, आत्ता येते म्हणाले आणि बाहेर पडले. केंद्राला संडास होता, मागच्या बाजूला, पण त्याचं दार मोडलेलं आणि आत भांडं मातीनं भरलेलं. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. भिंतीच्या कडेनं मी दहा पावलं गेले असेन. तिथंच माझं पातळ खराब झालं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. तेवढ्यात पाठीमागून मावशी आली.

मावशी म्हणजे केंद्रासमोर राहणारी साठीतली विधवा बाई. बौद्धवाडा तिच्या घरापासून सुरू व्हायचा. तिची एकच म्हैस होती आणि दूध जेमतेम दीड-दोन लिटर, पण ती रोज पहिली यायची आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी घरी जायची. बोलायची कमी. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरचा पदर काढून माझ्या मागून धरला आणि म्हणाली, "चल पोरी. माझं घर हितंच हाय."

तिच्या अंगणात संडास होता आणि तो संडासच होता. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलानं तो बांधून दिला होता. तिनं तो धुऊन, चुना लावून ठेवलेला. तिनं घरातून भरलेली घागर आणली आणि माझ्याजवळ ठेवली. तीन दिवसांत तिला अशा पाच घागरी मिळायच्या, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, एवढं नको. ती म्हणाली, "पाणी कशाला असतंय मग?" आणि आपलं एक धुतलेलं लुगडं दारावर टाकून बाहेर गेली.

मी आवरून घरात आले तेव्हा ती केंद्रावरून परत आली होती. बायांना तिनं सांगितलं होतं, मशीन तापलंय, जरा दम खा. कुणाला काही कळलं नव्हतं. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी निळ्या कोटातली दुसरी. त्या दोन तसबिरींखाली बसून मी रडले. किती वर्षांचं साठलेलं बाहेर आलं होतं कोण जाणे. तिनं मला रडू दिलं, मग विचारलं, "कावून दाखवलं न्हाईस कुणाला?" मला भीती वाटते म्हणाले. ती म्हणाली, "भ्यालीस म्हणून दुखणं थांबलं का? न्हाई ना. मग जाऊ आंबाजोगाईला. मी येते संगं."

त्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी रोज एक बादली पाणी बाजूला ठेवलं. तिच्याच वाट्यातलं. मी माझ्या घरून कळशी आणायला लागले तर ती घेईना. मग आम्ही भांडून असं ठरवलं की टँकर आला की माझी एक घागर तिच्याकडे रिकामी करायची. घरी सासूबाईंनी एकदाच विचारलं, त्यांच्याच घरी जावं लागतं का? मी म्हणाले, आपल्या संडासात सरपण आहे.

आंबाजोगाईला जायचं म्हणजे एसटीत दोन तास. आदल्या दिवशी दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. मावशीनं कंडक्टरच्या मागची जागा धरली आणि त्याला हळूच काहीतरी सांगितलं. मग माझ्या कानात म्हणाली, त्याला सांगितलंय की पोरीला बरं नाही, ती म्हणेल तिथं गाडी उभी कर. गाडी कुठंच थांबवावी लागली नाही. थांबेल हे मला कळलं आणि कळ आलीच नाही. त्या वेळी मला त्याचं फक्त नवल वाटलं.

सरकारी दवाखान्यात ओळ मोठी होती. आमचा नंबर लागला तो एका तरुण डॉक्टरबाईंकडे. मी खाली बघून पोट दुखतं एवढंच बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. किती दिवसांपासून? किती वेळा? पातळ की घट्ट? जाऊन आल्यावर कळ थांबते का? झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त जातं का? वजन उतरलं का? ताप येतो का? घरात कुणाला आतड्याचा आजार? संडासबद्दल इतकं सरळ कुणी बोलतं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. चौथ्या प्रश्नानंतर माझी मान वर आली.

मग त्यांनी विचारलं, "दिवसात पाणी किती पिता?"

मी म्हणाले, तांब्याभर. कधी तेवढंही नाही.

"का?"

"एक तर पाणी न्हाई. आणि प्यायलं की जावं लागेल म्हणून."

त्यांनी पेन उचलून ते लिहून घेतलं. मग त्यांनी रक्त, शौच आणि सोनोग्राफी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या पंधरा दिवसांत मी मुलींची लग्नं कोण करील इथपर्यंत विचार करून ठेवला होता.

परत गेलो तेव्हा त्यांनी सगळे कागद बघून सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "तुमच्या पोटात गाठ नाही, जखम नाही. याला आयबीएस म्हणतात. आतड्याची चाल बिघडते आणि आतडं जरा जास्तच हळवं होतं. तपासणीत काही दिसत नाही, म्हणून त्रास खोटा आहे असं नाही. तुमचा त्रास खरा आहे." शेवटचं वाक्य त्यांनी मावशीकडेही बघून म्हटलं, जसं काही तिलाही साक्षीदार करून घेत होत्या. हे मुळापासून जाईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. सांभाळता येईल म्हणाल्या. रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, किंवा झोपेतून उठवणारी कळ आली तर मात्र थांबू नका, लगेच या, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मग खाण्याचं निघालं. जेवण चुकवायचं नाही, ठरलेल्या वेळी थोडं थोडं खायचं. तीन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद करून बघायचं. कच्चा कांदा, लसूण, हरभरा, मिरचीचा ठेचा हेही तेवढे दिवस बाजूला, मग एकेक परत सुरू करून कशानं बिघडतं ते पाहायचं. रोज काय खाल्लं आणि पोट कसं होतं ते एका वहीत लिहायचं. इसबगोल चमचाभर, तेही भरपूर पाण्यासोबत. आणि पाणी कमी पिऊन पोट सुधारणार नाही, उलट बिघडेल.

दूध बंद म्हटल्यावर मावशीला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "ही दुधाच्या डेरीत असती, बाई." डॉक्टरबाईही हसल्या. म्हणाल्या, तपासायला हरकत नाही, प्यायचं नाही.

घरी सासूबाईंना हे नखरे वाटले. कांदा नाही, लसूण नाही, मग भाकरीसोबत खाणार काय, आणि तेही भाजी न मिळण्याच्या वर्षी? त्यांचं चूक नव्हतं. पहिले चार दिवस मी ज्वारीची भाकरी मुगाच्या पिवळ्या वरणात कुस्करून खाल्ली, जिरं-हिंगाची फोडणी दिलेलं. पाचव्या दिवशी केंद्रावरून आले तर सासूबाईंनी माझं वरण वेगळ्या पातेल्यात करून झाकून ठेवलं होतं. त्यानंतर माझं पातेलं वेगळं निघतच राहिलं. कधी छावणीवरून येताना नवरा भोपळ्याचा तुकडा मिळवून आणायचा, तो त्या माझ्यासाठी उकडून ठेवायच्या आणि मुलींना हात लावू द्यायच्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यातच थोडा फरक दिसला. चार वेळाचं दोनवर आलं. फुगणं मात्र होतंच. इसबगोल मी घाईनं दोन चमचे घेतला त्या दिवशी पोट दगडासारखं झालं आणि मग मी चमच्यावर परत आले.

पण केंद्रावर वेगळंच सुरू झालं. मी चहाला नाही म्हणायला लागले होते. कारण विचारलं की डॉक्टरनं दूध बंद केलंय एवढंच सांगायची. ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना बदलत गेलं. तपासणारीच दूध पीत नाही म्हणजे दुधात काहीतरी आहे, असं झालं. छावणीतला चारा खाऊन दूध नासलंय असं कुणी म्हणालं, कुणी पावडरीचं म्हणालं. हे सगळ्यांत जोरात बोलणारी एक बाई होती, आमच्याच ओळीत दहाव्या-बाराव्या नंबरला उभी राहणारी, चार म्हशींची. तिनं स्वतःचं दूध खाजगी डेअरीच्या गाडीला घालायला सुरुवात केली आणि तिच्या मागं आणखी तिघी-चौघी गेल्या. दुष्काळानं दूध आधीच निम्म्यावर आलेलं. आणखी काही बाया गेल्या असत्या तर दूध न्यायला येणारी दूध संघाची गाडी आमच्या गावात यायची बंद झाली असती.

चेअरमनबाईंनी मारुतीच्या पारावर सभा बोलावली. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, आवाज न चढवता: "तू दूध सोडलंस का? आणि कशामुळं, ते खरं सांग."

पुरुषही होते, पाराच्या कडेला उभे. मावशी माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. तिनं मला मान हलवून काही खुणावलं वगैरे नाही. ती नुसती बघत होती. मी उभी राहिले. मनाशी ठरवलेलं सगळं विसरले आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"दुधात काही न्हाई. बिघाड माझ्या पोटात हाय. मला सकाळी चार-चार वेळा संडासला जावं लागतंय, कितीतरी वर्षं झाली. डॉक्टरनं आयबीएस सांगितलंय. मला दूध सोसत न्हाई. तुमच्या लेकरांना सोसतंय, त्यांना पाजा. केंद्रावर जायला जागा न्हाई म्हणून एक दिवस माझं पातळ खराब झालं. मावशीनं मला घरात घेतलं. तिच्या वाट्याच्या पाण्यावर मी इतके दिवस काम करायलेय."

पुरुषांतला एकजण खाकरला आणि निघून गेला, त्याच्यामागं दुसरेही गेले. बरंच झालं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मला बी असंच हुतंय. मी कुणाला सांगितलं न्हाई." तिच्या शेजारची सून म्हणाली, आपण टँकरच्या दिवशीच पोटभर पाणी पितो. एकीनं सांगितलं, उजेडात जाता येत नाही म्हणून ती दिवसभर दाबून ठेवते आणि आता मूळव्याध झालीय. अर्धा तास पारावर हेच चाललं. संस्थेच्या सभेत दुधाचा विषय निघालाच नाही.

शेवटी बोलली ती चार म्हशींची बाई. मला वाटलं, आता ही काय बोलते. ती म्हणाली, "केंद्राला संडास हाय ना मागं? तो कावून बंद हाय? दार मी बसवून देते. पाण्याचं म्हणाल तर उद्यापास्नं मी दुधासंगं तांब्याभर पाणी आणीन. सगळ्याजणी एकेक तांब्या आणा की."

आणि बायांनी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका हातात किटली, दुसऱ्या हातात तांब्या. केंद्राच्या दाराशी संस्थेचा निळा ड्रम ठेवला होता, त्यात तांब्या ओतायचा आणि मग ओळीत उभं राहायचं. आदल्या संध्याकाळीच चौघींनी मिळून संडासाचं भांडं मातीतून मोकळं केलं होतं आणि त्या बाईच्या नवऱ्यानं पत्र्याचं दार ठोकलं होतं. काहीजणी अर्धाच तांब्या आणायच्या. कुणी कुणाला बोललं नाही. ज्यांच्या घरी खरंच नसायचं त्या रिकामा तांब्या घेऊन यायच्या आणि ओशाळून उभ्या राहायच्या, तर मावशी त्यांना म्हणायची, आज न्हाई तर उद्या. पावसाळा लागेपर्यंत तो ड्रम एकदाही कोरडा पडला नाही. गेलेल्या सगळ्या बाया परत संस्थेला दूध घालायला लागल्या.

मला त्या संडासात जायची वेळ फार कमी आली. जागा आहे हे माहीत झालं आणि पोटाची निम्मी घाई गेली. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, भीती आणि आतडं एकमेकांचं ऐकतात. त्यांनी मला रोज थोडं चालायला आणि सकाळी दहा मिनिटं शांत बसून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. बसणं मला जमलं नाही, डोळे मिटले की कामं आठवायची. चालणं जमलं. छावणी दीड कोसावर होती, एक दिवसाआड मी नवऱ्याचा डबा घेऊन चालत जायला लागले. एकदा तो मला परत सोडायला आला, तेव्हा त्या वाटेवरच त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, सभेतलं कानावर आलंय. मग थोडं पुढं जाऊन म्हणाला, मला आधी सांगायचं होतंस. त्याच्या आवाजात राग नव्हता.

तीन आठवड्यांनी एकेक पदार्थ परत घेऊन पाहिला. ताक सोसलं, तेही दुपारी वाटीभर. दूध नाही सोसलं. शिजलेला कांदा थोडा चालतो, कच्चा नाही. ठेच्याशिवाय जगता येतं हे मी मोठ्या कष्टानं शिकले.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. म्हशी घरी आल्या. एका दुपारी मी केंद्रावरून आले तर सासूबाईंनी संडासातलं सगळं सरपण एकटीनं बाहेर काढून भिंतीशी रचलं होतं, हात काट्यांनी ओरबाडलेले. आणि नवी ज्वारी आली तेव्हा पहिली पायली घेऊन त्या स्वतः मावशीकडे गेल्या. तिथं बसून चहा पिऊन आल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

मावशी आणखी नऊ-दहा वर्षं जगली. शेवटी ती मुलाकडे पुण्याला होती. मी भेटायला गेले तेव्हा तिनं पहिलं विचारलं ते, पोट कसं हाय. मी म्हणाले, बरं हाय, मावशी. ते खरंच होतं. पन्नाशी उलटली तरी आजार गेलेला नाही. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, पुढं तिच्या बाळंतपणात त्यानं डोकं वर काढलं. पण आता मी त्याला ओळखते, आणि दोन दिवस साधं खाऊन, चालून, पाणी पिऊन तो उतरतो.

मागच्या हिवाळ्यात तपासणीला आंबाजोगाईला गेले होते. त्या डॉक्टरबाई केव्हाच बदलून गेल्या, कुठं ते तिथं कुणाला सांगता आलं नाही. माझ्याकडे त्यांचा पहिला केसपेपर अजून आहे. त्यावर खाली त्यांची सही आहे, ती मला आजवर वाचता आलेली नाही. पण आभार मानायचे तर नाव माहीत असायलाच हवं असं नाही. मी त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून, डब्यातली भाकरी आणि मुगाचं वरण वेळेवर खाल्लं, वर पोटभर पाणी प्यायले, आणि दुपारच्या एसटीनं गावाकडे निघाले.